ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यायचा? इगतपुरीच्या चिखलातलं गणित समजून घ्या

अमेरिका किंवा कॅनडातले व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. घराबाहेर गुडघाभर बर्फ साचलाय आणि एक छोटासा ट्रॅक्टर पुढे ब्लेड लावून रस्ता मोकळा करतोय. खाली कमेंटमध्ये वाद सुरू असतो: एवढ्याशा जागेला २५ एचपी पुरतो की ४० एचपी हवा?

इगतपुरीत बर्फ पडत नाही. पण प्रश्न तोच आहे. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत साधारण ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात, शिवाररस्ते गाळात गेलेले असतात आणि आवणी वेळेत उरकायची असते. अशा वेळी शोरूममध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ठरवायचं असतं की ट्रॅक्टर किती मोठा घ्यायचा. हा निर्णय चुकला तर हप्ते पुढची अनेक वर्षं फेडावे लागतात. त्यामुळे हे गणित आधीच नीट समजून घ्यायला हवं.

एचपी म्हणजे नेमकं काय?

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. १ एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा जाहिरातीत जो आकडा असतो, तो इंजिनाच्या ताकदीचा असतो. पण ती सगळी ताकद कामाला मिळत नाही.

रोटाव्हेटर, पंप, मळणीयंत्र ही अवजारं ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनापासून पीटीओपर्यंत येताना गिअर आणि इतर भागांत काही ताकद खर्च होते. ढोबळमानाने इंजिनाच्या ८५ ते ९० टक्के ताकद पीटीओला मिळते. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण २० ते २१ एचपी देतो. नांगर किंवा ट्रॉली ओढताना मिळणारी ताकद त्याहून कमी असते, कारण चाकं थोडी घसरतात. चिखलात ती जास्तच घसरतात.

म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न 'इंजिन किती एचपी?' हा नको, 'पीटीओ किती एचपी?' हा विचारा.

बर्फ आणि चिखल यात फरक काय?

बर्फाळ देशांत ट्रॅक्टर निवडताना तीन गोष्टी बघतात: रस्ता किती लांब-रुंद आहे, बर्फ किती जड आहे आणि चाकांना पकड मिळेल का. इगतपुरीतही याच तीन गोष्टी बघायच्या, पण उत्तरं वेगळी येतात.

आधी वजन बघू. समजा १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्यावर ३० सेंटिमीटर ताजा बर्फ पडला. त्याचं आकारमान ९० घनमीटर. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरलं, तर एकूण ९ टन. आता त्याच रस्त्यावर डोंगरावरून वाहून आलेला १० सेंटिमीटर ओला गाळ आहे असं समजा. आकारमान फक्त ३० घनमीटर. पण ओली माती घनमीटरला साधारण १७०० किलो भरते. एकूण वजन झालं ५१ टन. थर एक तृतीयांश, वजन मात्र पाचपटीहून जास्त. त्यामुळे बर्फाचा व्हिडिओ बघून 'एवढा छोटा ट्रॅक्टर सगळं साफ करतो' असा अंदाज बांधला, तर फसगत होते.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा आहे. बर्फाखाली बहुतेक वेळा कडक जमीन किंवा डांबर असतं. तिथे ट्रॅक्टर जितका जड, तितकी चाकांना पकड चांगली. म्हणून तिकडे चाकांत पाणी किंवा गोठणार नाही असं द्रावण भरतात, मागे वजनं टांगतात. भाताच्या खाचरात मात्र उलटं होतं. इथे जड ट्रॅक्टर रुततो. बर्फात वजन उपयोगी, चिखलात तेच अडचणीचं.

खाचरात जड ट्रॅक्टर का चालत नाही?

आवणीच्या आधी खाचरात चिखलणी करतात. त्यामागे कारणं आहेत. माती पाण्यात कालवली की तिची बारीक भोकं बुजतात, पाणी लवकर झिरपत नाही, तण गाडलं जातं आणि रोप लावायला मऊ गाळ मिळतो.

वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या खाचरात मऊ गाळाच्या खाली, साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, मातीचा एक घट्ट थर तयार होतो. पाणी धरून ठेवणारा हाच थर, आणि ट्रॅक्टरचा भार पेलणाराही हाच. ट्रॅक्टर प्रमाणाबाहेर जड असेल तर त्याची चाकं हा थर फोडतात. मग दोन नुकसानं होतात. खाचरातलं पाणी खाली झिरपायला लागतं आणि पुढच्या वेळी त्याच जागी ट्रॅक्टर आणखी खोल रुततो.

४५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २ टनांच्या आसपास असतं. २० ते २५ एचपीचे छोटे ट्रॅक्टर साधारण ८०० किलो ते १ टनाचे असतात. पॉवर टिलर त्याहून हलका. म्हणूनच कोकणात आणि घाटमाथ्याच्या भातपट्ट्यात पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर टिकून आहेत.

जपानमध्येही भातखाचरं लहान, म्हणून तिथल्या कंपन्यांनी हलके, चारही चाकं ओढणारे ट्रॅक्टर बनवले. ओसाकाच्या कुबोटाचा २४ एचपीचा निओस्टार भारतात मिळतो. महिंद्राने २०१७ मध्ये २४ एचपीचा जिवो आणला आणि १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये ओजा ही हलक्या ट्रॅक्टरची मालिका सादर केली. ती जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत विकसित झाली आहे. बर्फ हटवणाऱ्या अमेरिकी व्हिडिओंतले ट्रॅक्टरही याच छोट्या वर्गातले असतात.

मोठ्या ट्रॅक्टरने काम लवकर होतं ना?

सपाट, मोठ्या रानात होतं. इगतपुरीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत तितकं होत नाही. हिशोब करून बघू.

समजा छोट्या ट्रॅक्टरला ४ फुटी रोटाव्हेटर आहे, म्हणजे १.२ मीटर रुंदी. मोठ्याला ६ फुटी, म्हणजे १.८ मीटर. दोघांचा वेग ताशी अडीच किलोमीटर धरू. कागदावर छोटा ताशी ३००० चौरस मीटर आणि मोठा ४५०० चौरस मीटर काम करेल. म्हणजे मोठा दीडपट.

पण प्रत्यक्षात वळण्यात, कोपऱ्यात मागेपुढे करण्यात आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरण्यात वेळ जातो. दोन गुंठ्यांचं खाचर म्हणजे साधारण ६६ फूट बाय ३३ फूट. त्यात मोठ्या ट्रॅक्टरला वळायलाच जागा कमी पडते. छोट्याचा अर्धा वेळ कामात लागला, असं धरलं तर ताशी १५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५ गुंठे होतात. मोठ्याचा ४० टक्केच वेळ कामी लागला, तर १८०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १८ गुंठे.

दुप्पट एचपी घेऊन तासाला फक्त ३ गुंठे जास्त. त्यासाठी किंमत, डिझेल आणि रुतण्याचा धोका मात्र बराच जास्त. वर मोठ्या ट्रॅक्टरने कोपरे सुटतात आणि बांध ढासळतात, ते माणसं लावून नीट करावे लागतात.

मग किती एचपी घ्यायचा?

अवजार आधी ठरवा, ट्रॅक्टर नंतर. साधारण मेळ असा बसतो:

- पॉवर टिलर, १० ते १५ एचपी: अगदी लहान, उंच-सखल खाचरं, जिथे ट्रॅक्टर उतरवायला वाटच नाही.
- १५ ते २० एचपी: अरुंद जागा, हलकी मशागत, फवारणी. ३ फुटांच्या आसपासचा रोटाव्हेटर.
- २० ते ३० एचपी, चारचाकी ओढीचा: भाताची चिखलणी, लहान ट्रॉली, भाजीपाला. साडेतीन ते ४ फुटी रोटाव्हेटर.
- ३५ ते ४५ एचपी: मोठी, सपाट शेतं, ५ फुटी रोटाव्हेटर, नियमित ट्रॉली वाहतूक.
- ४५ ते ५० एचपी आणि पुढे: भाड्याचा व्यवसाय, खोल नांगरट, जड वाहतूक, ६ फुटी रोटाव्हेटर.

हे ढोबळ प्रमाण आहे. काळ्या चिकट जमिनीत एक पायरी वर जावं लागतं, हलक्या मुरमाड जमिनीत एक पायरी खाली चालतं.

इगतपुरी तालुका सगळीकडे सारखा नाही, हेही लक्षात घ्या. पश्चिमेला घाटमाथ्याजवळ पाऊस धो-धो, जमीन उताराची, खाचरं छोटी. तिथे २० ते ३० एचपीचा हलका ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर सोयीचा. पूर्वेला वाडीवऱ्हे, गोंदे या बाजूला सरकलं की पाऊस कमी होत जातो, शेतं मोठी होतात, भाजीपाला आणि रब्बीची पिकं वाढतात. तिथे ३५ ते ४५ एचपीला वर्षभर काम मिळू शकतं. एकाच तालुक्यातल्या दोन भावांना दोन वेगळे ट्रॅक्टर योग्य ठरू शकतात.

टू व्हील की फोर व्हील?

साध्या ट्रॅक्टरची फक्त मागची चाकं ओढतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचीही ओढतात. कोरड्या सपाट रानात टू व्हील पुरतो. ओल्या खाचरात आणि चढावर मात्र फोर व्हीलचा फायदा स्पष्ट दिसतो. एकूण वजन कमी असूनही चारही चाकांना पकड मिळते, त्यामुळे हलका ट्रॅक्टर रुतत नाही आणि कामही करतो.

पैसे कमी असतील तर 'जास्त एचपीचा टू व्हील' आणि 'कमी एचपीचा फोर व्हील' असे दोन पर्याय समोर येतात. भात हेच मुख्य पीक असेल तर दुसरा पर्याय बघावा. टू व्हील असलाच तर चिखलणीसाठी मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लावतात. ती लावून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर चालवू नये, रस्ता आणि चाकं दोन्ही खराब होतात.

चाकांत पाणी भरून वजन वाढवलं असेल तर चिखलणीआधी ते काढा. ट्रॉलीच्या हंगामात पुन्हा भरता येतं.

शिवाररस्त्यावरचा गाळ काढायला कोणता ट्रॅक्टर?

मागे लावायचं ब्लेड किंवा लेव्हलर असेल तर २४ ते ३० एचपीचा ट्रॅक्टरही रस्त्यावरचा पातळ गाळ बाजूला सारू शकतो. फक्त ५१ टनांचा हिशोब आठवा. एका दमात सगळा थर ओढायचा प्रयत्न केला की चाकं जागीच फिरतात. थोडा-थोडा थर काढावा आणि गाळ उताराच्या बाजूला सारावा, म्हणजे पाण्याची वाट मोकळी राहते.

पुढे लोडर बसवायचा विचार असेल तर सावध. छोट्या ट्रॅक्टरची मागची हायड्रॉलिक उचल साधारण ७०० ते ७५० किलो असते. पुढे लोडर लावला की भार पुढच्या धुऱ्यावर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. कंपनीने त्या मॉडेलला लोडरची परवानगी दिली आहे का, ते लेखी विचारून घ्या.

आणि दरड कोसळली असेल तर ट्रॅक्टर घेऊन तिथे जाऊच नका. वरची माती पुन्हा खाली येऊ शकते. ते काम जेसीबी आणि प्रशासनाचं आहे. तहसील कार्यालयाला कळवा.

घेऊ की भाड्याने लावू?

एचपीपेक्षा मोठा प्रश्न हाच आहे. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा हिशोब करा.

समजा ट्रॅक्टर ५ लाखांचा. १० वर्षांनी तो दीड लाखाला विकला गेला, तर घट झाली साडेतीन लाखांची, म्हणजे वर्षाला ३५,००० रुपये. व्याज, विमा, देखभाल मिळून वर्षाला ४५,००० धरू. म्हणजे ट्रॅक्टर एक तासही चालला नाही तरी वर्षाचा खर्च ८०,००० रुपये.

आता भाड्याचा दर तासाला ९०० रुपये आहे आणि स्वतःचा चालवला तर डिझेल आणि चालक मिळून तासाला ४०० रुपये लागतात, असं समजा. म्हणजे तासाला ५०० रुपये वाचतात. ८०,००० भागिले ५००, म्हणजे वर्षाला १६० तास काम असेल तरच ट्रॅक्टर परवडतो.

३ एकर भाताला किती तास लागतात? ताशी १५ गुंठे या वेगाने एका पाळीला ८ तास. तीन पाळ्यांना २४ तास. म्हणजे फक्त स्वतःच्या ३ एकरासाठी ट्रॅक्टर घेतला तर तो परवडत नाही. उरलेले १३६ तास कुठून आणणार, हे आधी ठरायला हवं. भाजीपाल्याची मशागत, घोटीच्या बाजारात आणि गिरणीवर भाताची ने-आण, शेजाऱ्यांची कामं, असा हिशोब वहीत मांडूनच कर्जाच्या कागदावर सही करा.

यात एक अडचण आहे. पाऊस लागला की सगळ्यांना ट्रॅक्टर एकाच आठवड्यात हवा असतो. भाड्याचा वेळेवर मिळाला नाही तर आवणी लांबते, रोप जुनं होतं, उतारा घटतो. म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक ट्रॅक्टर घेणं किंवा शेतकरी गटामार्फत अवजार बँक चालवणं हा मधला मार्ग आहे. पाळी कोणाची आधी, हे मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत लिहून ठरवा.

अनुदान आणि कराचं काय?

केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. त्यातून ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि अवजार बँकेला अनुदान मिळतं. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या शेतकऱ्यांना अनुदानाचा दर जास्त असतो. रक्कम आणि अटी बदलतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाचे आकडे विचारा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधी ट्रॅक्टर खरेदी करू नका. आधी खरेदी केली तर अनुदान हातचं जाऊ शकतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कोटेशनमध्ये हाच दर लावला आहे ना, ते तपासा.

आणखी एक मुद्दा ५० एचपीच्या रेषेचा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यांची इंजिनं जास्त गुंतागुंतीची आणि महाग असतात. गरज नसताना ही रेषा ओलांडू नका.

खरी माहिती कुठे मिळेल?

मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची प्रत्यक्ष मोजलेली ताकद, डिझेलचा खर्च, वजन, वळण्याची त्रिज्या, ब्रेक असं सगळं असतं. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा. जाहिरातीपेक्षा तो जास्त कामाचा.

रुतलेला ट्रॅक्टर काढताना

ट्रॅक्टर रुतला की घाई होते आणि जीवघेणे अपघात याच घाईत होतात. चाकांना लाकूड किंवा ओंडका साखळीने बांधून जोर लावू नका, इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचं तोंड उचललं जाऊन तो मागे उलटू शकतो. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. ती वर, सीटजवळ किंवा वरच्या लिंकला बांधली तरी ओढणारा ट्रॅक्टर काही क्षणांत मागे पलटी होतो. ओढताना साखळीच्या आसपास कोणालाही उभं राहू देऊ नका. पावसात भिजलेल्या बांधाच्या काठावरून चाक नेऊ नका. मडगार्डवर पोरांना बसवून चिखलणी करणं तर अजिबात नको.

शोरूममध्ये जाण्याआधी वहीत लिहा

१. सगळ्यात लहान खाचर किती फूट बाय किती फूट आहे?
२. शेतात उतरायची वाट किती रुंद आहे?
३. चिखलणीच्या दिवसांत पाय किती खोल रुततो?
४. वर्षाला एकूण किती तास काम आहे, आणि त्यातलं भाताचं किती?
५. ट्रॉली ओढायची आहे का, आणि रस्त्यात घाट-उतार किती? भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते, तेव्हा हलका ट्रॅक्टर कमी पडतो.
६. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? जुलैत बंद पडलेला ट्रॅक्टर ऑगस्टमध्ये दुरुस्त होऊन उपयोग नाही.

ही सहा उत्तरं हातात असतील तर विक्रेता कितीही मोठा आकडा सुचवू दे, तुमचा आकडा तुम्हाला माहीत असेल. जमलं तर खरेदीआधी एकदा तो ट्रॅक्टर ओल्या खाचरात चालवून दाखवायला सांगा. शोरूमच्या फरशीवर सगळेच ट्रॅक्टर नीट चालतात.